कॅलेंडरातला चंद्र

रत्नप्रभाबाई डोंबिवलीहून चेन्नईत वेलचेरीला मुलाकडे राहायला आल्या, त्या इन्सुलिन, हृदयाच्या गोळ्या आणि भिंतीवरचं मराठी कॅलेंडर घेऊनच.

आज संकष्टी. दिवसभर पोटात ताकाशिवाय काही नव्हतं. संध्याकाळचं इन्सुलिन मात्र त्यांनी रोजच्या वेळेला टोचून घेतलं, कारण औषध चुकवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मोदक उकडून तयार होते. सासूबाईंना दरदरून घाम फुटलेला पाहून ऋजुता म्हणाली, "आई, हात थरथरतायत तुमचे. शुगर उतरली असेल. निदान चमचाभर साखर तरी तोंडात टाका."

"छातीत जरा धडधडतंय, एवढंच. तुमच्या चेन्नईचा उकाडाच मेला असा. ढगांमुळे चंद्र काही दिसायचा नाही, पण कॅलेंडरात वेळ दिलीय ना? अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

ती वेळ झाली तेव्हा त्या देवघरासमोर आडव्या पडल्या होत्या. ऋजुताची किंकाळी ऐकून वरच्या मजल्यावरच्या त्रिपुरसुंदरीबाई, मूळच्या तंजावरच्या, खरकट्या हातानेच धावत खाली आल्या. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शुगर फार खाली गेली, ते हृदयाला सोसलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

 

संकष्टी त्रिपुरसुंदरीबाईंचीही होती. पण त्यांचं पंचांग चेन्नईचं, आणि चेन्नईत चंद्र मुंबईच्या अर्धा तास आधीच उगवतो.