जल्लादाचा हात

जर्मन सम्राटाच्या आउग्सबुर्ग शहरात कातडी कमावणारा लुटोल्ड स्वतःच्याच हौदात पडला. हौदात कातडी मऊ करायला कुजवलेली कुत्र्यांची विष्ठा होती, ती त्याच्या हनुवटीला टेकली.

"लुटोल्ड आज स्वतःचा माल चाखतोय!" शेजारी नाक दाबून हसले. दोर आणायला मात्र कोणी हललं नाही. वाटेने चाललेल्या जल्लादाने काठावर आडवं होऊन हात पुढे केला.

"अहो, तो हात धरू नका!" बायको इरमेल किंचाळली. "जल्लादाला शिवलात तर कातडीवाल्यांच्या संघातून हाकलतील, धंदा बंद होईल. पोरांनी खायचं काय?"

लुटोल्डने उजव्या हाताने तो हात धरला.

घरी इरमेलने पाणी तापवलं. नाक न मुरडता त्याचे केस, कान, नखांच्या फटीसुद्धा राखेने घासून काढल्या. उजवा हात तेवढा तिने त्याचा त्यालाच धुवायला लावला.