गाडीची दृष्ट
धुळ्यात अकरा वर्षं स्कूटीवर हिंडून दिपमालानं लोकांच्या गाड्यांचे विमे काढले, पण चारचाकी दारात आली ती धाकट्या जावेची! तिचाही अर्ज दिपमालानंच भरला. मालकाच्या रकान्यात जावेचं नाव लिहिताना तिचा जळफळाट झाला. गाडी अंगणात लागताच जाऊ लाडानं म्हणाली, "अक्का, विमा तुम्ही काढला, आता दृष्टही तुम्हीच काढा." दिपमालानं मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या गाडीवरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या. नजर लागलेली असली, की जळत्या मिरचीचा ठसका लागत नाही, हे घरोघरी ठाऊक. सगळे वाट बघत राहिले. मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या. कुणी साधं खाकरलंही नाही. "माय वं! कितली नजर लागनी व्हती गाडीले!" म्हणत सासू एकेकीचं तोंड न्याहाळत निघाली. ती आपल्यापर्यंत पोहोचायच्या आत दिपमाला तोंडाला पदर लावून जोरजोरात खोकू लागली.