तीर्थाचा गुण

हरिदासजींचा कॅन्सर हाडात उतरला होता. कूस बदलली तरी ते कळवळायचे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, पण त्या अफूपासून होतात हे कळताच त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. "गिरजे, माळ घातली तवापासून बिडीले हात नाई लावला. आता जातानी अफू खाऊ काय?"

गिरजाबाई रडल्या, भांडल्या. नवऱ्याचं कळवळणं त्यांना ऐकवेना. शेवटी देवाची माफी मागून त्या वेळच्या वेळी गोळी कुटून तीर्थात मिसळू लागल्या, वर जरा जास्तच मध. आठवडाभरात हरिदासजी भिंतीला टेकून बसले, घासभर भात जेवले. "पाह्य, नामानं दुखणं पळालं!"

एकादशीला रोहण्याच्या देवळात कीर्तन असं रंगलं, की बुवांनी त्यांनाच उभं केलं. "सांगा माउली, कोणतं औषध लागू पडलं?"

"औषध कायचं बुवा! तीर्थ अन् नाम."

टाळ-मृदंगाचा एकच गजर झाला. नवऱ्याला इतक्या दिवसांनी पायांवर उभं पाहून गिरजाबाईंनीही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात धाकटी नणंद सुमित्रा गर्दीतून पुढे आली. तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ लवकर सापडली होती, केमोनं बरी होईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती भावाच्या पाया पडली आणि त्याच्यासमोरच वहिनीला बिलगली.


"वहिनी, आता मी केमोले जातच नाई. दादाले तीर्थानं जमलं, मले काऊन नाई जमन?"