बिनआवाजाची गाडी

उपेंद्र गाडीच्या मागे एकदम उकिडवा बसला, तेव्हा शोरूममधल्या मुलीला वाटलं, साहेब टायर बघतायत. साहेब टायरबियर काही बघत नव्हते. काचेच्या दारातून पद्मनाभसर आत आले होते, आणि नुंगमबाक्कमच्या त्या चकचकीत शोरूममध्ये लपायला दुसरी जागा नव्हती.

पद्मनाभसर म्हणजे ओरगडमच्या कारखान्याचे मॅनेजर, मालकांच्या खालोखाल सर्वेसर्वा. कारखाना कशाचा, तर सायलेन्सरचा. उपेंद्रनं उमेदीची सगळी वर्षं तिथल्या चाचणीच्या खोलीत काढली होती. दिवसभर इंजिनं भुंकायची आणि हा कान देऊन सांगायचा, अमका सायलेन्सर घुमतोय, तमका फुटक्या पिपासारखा वाजतोय. घरी आला तरी डोक्यात घरघर चालूच. तांबरमच्या फ्लॅटमध्ये बायकोनं, चित्रानं, मिक्सर लावला की हा चहाचा कप घेऊन बाल्कनीत पळायचा. अशा माणसाला आयुष्यात एकच चैन करावीशी वाटली, ती म्हणजे अजिबात आवाज न करणारी गाडी. मोठी, देखणी, विजेवर चालणारी. सायलेन्सरच नसलेली.

पण पद्मनाभसरांनी भर सभेत बजावलं होतं, की विजेची गाडी घेणारा आपल्याच अन्नात माती कालवतो. खरेदी विभागातल्या एकानं हौसेनं विजेची स्कूटर घेतली, तर त्याची रवानगी थेट उत्तरेकडच्या कुठल्याशा गोदामात झाली. तिथे म्हणे तो थंडीत कुडकुडत सायलेन्सरांवरची धूळ झटकतो आणि सांबारासाठी रडतो.

म्हणून उपेंद्र शनिवारची सुट्टी गाठून, घराजवळची शोरूम सोडून इतक्या लांब आला होता. मिरजेचा प्लॉट विकून आलेले पैसे खात्यात होते. उरलेल्याला बँकेनं त्याच्या पगाराकडे बघून होकार दिला होता. नोकरी गेली तर गाडीही जाणार आणि प्लॉट तर गेलेलाच. निघताना चित्रानं एवढंच सांगितलं होतं, "अहो, घ्या काय घ्यायची ती. फक्त कारखान्यातल्या कुणाच्या नजरेला पडू नका."

"उपेंद्रा, ऊठ. गुडघे दुखतील," वरून आवाज आला.

सरांचं मराठी तंजावरचं. घरात पिढ्यान्पिढ्या जपलेलं, तमिळ हेलाचं. कारखान्यात ते समजणारा उपेंद्र एकटाच, म्हणून सरांचा त्याच्यावर जरा जीव होता. तेच त्याला आता जास्त टोचलं.

तो उठला आणि तोंडाला येईल ते सांगत सुटला. छे छे, गाडी घ्यायला नव्हे, शत्रूच्या गोटात काय चाललंय ते पाहायला आलोय. सायलेन्सरच्या जागी या लोकांनी काय बसवलंय, तेच वाकून बघत होतो.

"मग काय दिसले?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही, सर."

"तेच तर," सर म्हणाले, आणि त्यांनी त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं.

चक्कर मारायला दोघं निघाले. ती मुलगी पुढे आली, तर सरांनी तिला तमिळमध्ये दोन शब्द सांगून थांबवलं. शेजारी बसून ते एकेक गोष्ट समजावत गेले. बॅटरी अशी, ब्रेक असा, सीट कुठे दाबली की पाठ शेकते. शत्रूचा एवढा अभ्यास उपेंद्रला दिपवून गेला. गाडी समुद्राकडच्या रस्त्याला लागली. काचा वर होत्या. इंजिन नाही, थरथर नाही, काही नाही. उपेंद्रला स्वतःचा श्वास ऐकू आला आणि त्याचे डोळे भरले. डोक्यातली घरघर थांबली होती.

"पुष्कळ ऐकलास रे तू माझ्यासाठी," सर हळूच म्हणाले.

त्या एका वाक्यानं उपेंद्रला धीर आला. समजा, एखाद्यानं घेतलीच गाडी, तर त्याचं काय होईल, असं त्यानं चाचरत विचारलं.

"एखाद्याने कशाला? तू घे."

"आणि माझी नोकरी?"

"ही गाडी घेतली म्हणून तुला कोण्ही काढणार नाही. माझा शब्द. सोमवारी तुला कोण्ही काही पुसणारही नाही."

तंजावरच्या माणसाचा शब्द. उपेंद्रनं गाडी वळवली ती सरळ शोरूममध्ये. मग सगळं झपाट्यानं झालं. रंग सरांनीच निवडून दिला, खोल समुद्रासारखा निळा. एकदा पैसे भरले की माघार घेता येत नाही, असं मुलीनं सांगितलं, तर उपेंद्र हसला. माघार कोण घेतोय? प्लॉटचे पैसे गेले, बँकेच्या कागदांवर सह्या झाल्या, कुणीतरी पेढ्याचा डबा आणला. सरांनी स्वतःच्या हातानं त्याला पेढा भरवला.

उपेंद्रला एकदम हलकं वाटलं. सरांची थोडी थट्टा करायची हिंमतही आली. "आणि सर, तुम्ही कुठली घेताय? ओरगडमला दोघांच्या शेजारी शेजारी लावू."

पद्मनाभसरांनी कोटाच्या खिशातून पत्र्याचा एक चकचकीत बिल्ला काढला आणि नीट सरळ करून छातीवर लावला. त्यावर शोरूमचं नाव होतं, आणि खाली त्यांचं.

"आज माझा इथे पहिला दिवस," ते म्हणाले. "पहिले गिऱ्हाईक आपलाच माणूस मिळाला, बरे झाले."

उपेंद्रच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. "मग सर, कारखाना कोण बघतंय?"

"कारखाना कोठला आता? काल सांजेस तुम्ही सगळे घरी गेलात आणि मालकांनी गेटला कुलूप घातले. तुम्हांला सोमवारी सांगणार आहेत."