पलंगाची दुसरी बाजू

“आणि तिला त्रास काय आहे?” डिझायनरने विचारलं.

“कोणाला?” थोरली म्हणाली.

“आपल्या बाईला.” डिझायनरने लॅपटॉप दोघी जावांकडे वळवला. गाद्यांच्या दुकानाची वेबसाइट करायची, तर आधी एक गिऱ्हाईक मनाने उभं करायचं आणि मग त्याच्यासाठी एकेक पान रचायचं, अशी तिची पद्धत होती. पडद्यावर एक बाई अर्धीमुर्धी तयार झाली होती. वय चाळिशीच्या अलीकडे. शाळेत शिकवते. एकटी राहते. हिरवी पर्स, तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारलेली. ती खांद्यावरून कधी खाली ठेवत नाही.

“बाजारात तुरी,” थोरली म्हणाली. “खरी गिऱ्हाइकं येतात, पाठ टेकतात, पंख्याचा वारा खातात आणि जातात. आपण इथे खोटीची पर्स ठरवत बसलोय.”

“काकू, बाई खरी वाटली की पान खरं वाटतं. त्रासच नसेल तर ती तुमच्या दुकानात येईल कशाला?”

“मग कंबर लिही. कंबर सगळ्यांचीच दुखते.”

“झोप लागत नाही,” धाकटी म्हणाली.

“का लागत नाही, ताई?”

धाकटीने टेबलावरचा फोमचा तुकडा अंगठ्याने दाबला आणि सोडला. खळगा सावकाश भरून आला.

“दिवा मालवला की पलंगाची दुसरी बाजू दबते. कोणीतरी येऊन टेकावं तशी. हात फिरवून बघितला तर कोणी नसतं. पण गादी दबलेली असते.”

थोरलीने तिच्याकडे वळून पाहिलं. डिझायनरची बोटं मात्र थांबली नाहीत.

“मस्त,” ती म्हणाली. “अगदी असंच हवं होतं.”

त्या रात्री धाकटीला पडल्यापडल्या झोप लागली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी. दुसऱ्या रात्रीही लागली.

“चेहरा उजळलाय गं,” सकाळी दुकानाचं शटर वर करताना थोरली म्हणाली. “भाऊजींचं जहाज लवकर माघारी फिरलं की काय?”

धाकटी हसली.

दुपारी काचेचा दरवाजा ढकलून एक बाई आत आली. खांद्याला हिरवी पर्स होती. पट्ट्याला गाठ मारलेली होती.

“पर्स द्या, इथे ठेवते,” थोरली पुढे होत म्हणाली.

“नको. असू दे.”

बाईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. कापसाच्या गाद्यांकडे तिने पाहिलंही नाही. सरळ फोमच्या मोठ्या गादीपाशी गेली, चपला काढल्या आणि उजव्या कडेला, अगदी पडेल इतक्या टोकाला आडवी झाली.

“डबल दाखवू? दोघांसाठी?”

“नाही. एकटीच असते मी.” बाई छताकडे बघत होती. “शेजारी कोणी टेकलं तरी आपल्याला कळायला नको, अशी मिळेल का एखादी?”

“एकट्याच म्हणालात ना?”

“परवापर्यंत तरी होते.”

थोरली हसली. गिऱ्हाइकांच्या बोलण्याला हसायची तिला सवय होती. मग ती उशी आणायला आत गेली.

धाकटी गल्ल्यामागे उभी होती. तिथून तिला गादीची डावी बाजू दिसत होती. ती दबत होती. चादरीच्या चुण्या हळूहळू तिकडे ओढल्या जात होत्या.

तिने फोन उचलला आणि उभ्या करून ठेवलेल्या गाद्यांच्या आड गेली.

“तो त्रास काढून टाका,” ती म्हणाली.

“कुठला, ताई?” डिझायनर म्हणाली.

“आपल्या बाईचा. झोपेचा.”

“अहो, तोच तर जमलाय. सगळं पहिलं पान त्यावर बेतलंय मी.”

“तरी काढा.”

“मग अख्खी बाईच काढते. त्रास नसलेलं गिऱ्हाईक काय कामाचं?”

“बाईला हात लावू नका.” धाकटीचा आवाज चढला. तिने तो खाली आणला. “तिला राहू द्या. फक्त तेवढं काढा.”

“बरं. पण एवढं चांगलं वाया कशाला घालवायचं? दुसरी एखादी बाई करू, तिला देऊ. करू का?”

धाकटीने गाद्यांमधल्या फटीतून पाहिलं. बाई ताठ पडून होती. दोन्ही हातांनी तिने पर्स छातीशी धरली होती. डोळे उघडे होते आणि डावीकडे चुकूनही जात नव्हते. तसं कसं पडून राहायचं, ते धाकटीला ठाऊक होतं. गेल्या दोन रात्री तिला तसं पडावं लागलं नव्हतं.

“ताई? ऐकताय ना?”

“दुसऱ्या कोणाला नको,” धाकटी म्हणाली. “ते माझंच आहे.”

“म्हणजे?”

“काही नाही. काढलं का?”

पलीकडे बटणाचा बारीक आवाज झाला. “काढलं.”

गादीची डावी बाजू सावकाश वर आली आणि सपाट झाली. बाईचे डोळे मिटले, बोटं सैल पडली. पर्स घसरून जमिनीवर आली, तरी तिने डोळे उघडले नाहीत.

थोरली उशी घेऊन आली ती जागीच थबकली. “घ्या. या तर घोरायलाच लागल्या. उठवू?”

“नका उठवू, जाऊबाई. झोपू दे त्यांना.”

धाकटी समोरच्या गादीच्या कडेवर बसली. पाय जुळवले, हात मांडीवर ठेवले. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली. मग तिने खांदे किंचित आवरून घेतले.

“सरक, मी पण टेकते जरा,” म्हणत थोरली तिच्या डावीकडे आली.

धाकटीने तिकडे न बघता हात आडवा धरला.

“तिथे नको,” ती म्हणाली. “इकडून बसा.”