एका फुटाला पाव इंच

“खिडक्या किती केल्या वं?”

“सहा.”

“सातवी काहून सोडली? भट्टीच्या मागं एक होती ना.”

यमुताईंनी पुन्हा कात्री उचलली. ब्लाउज बेतायची कात्री तीन महिन्यांपासून पुठ्ठाच कापत होती. एका फुटाला पाव इंच, हे नवऱ्याचं, महादेवरावांचं माप.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची दृष्टी पुरती गेली. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. जेवायला उठवलं की म्हणत, “कोणासाठी?” नातू रोहित पुण्याला गेला आणि त्याची खेळण्यातली रेल्वे मागं राहिली. तिच्या रुळांशेजारी नॅरोगेजच्या छोट्या लाईनचं जुनं लोको शेड उभं करायचं, हे यमुताईंनीच काढलं. खरं शेड केव्हाच पाडलं होतं. महादेवराव तिथं एकतीस वर्षं फिटर होते.

ते उठून बसू लागले. बोटांनी चाचपून चुका काढू लागले. दारात हजेरीच्या बिल्ल्यांची पाटी, मागच्या भिंतीला झेंड्या अडकवायच्या खुंट्या, छपराला बिस्किटाच्या खोक्यातला नालीदार पुठ्ठा.

“तू फिटरच व्हायची राहिली,” एकदा ते म्हणाले. दोन वर्षांत तेवढंच हसले.

इंजिनाखाली उतरून काम करायचा दोन नंबरचा खड्डा यमुताईंनी शेवटी केला. त्याच खड्ड्यात त्यांचा धाकटा भाऊ मधुकर गेला होता. बावीस वर्षांचा. इंजिनाखाली माणूस उतरला की त्याच्या जोडीदारानं इंजिनाच्या नाकावर लाल झेंडी लावायची. ती असेपर्यंत इंजिन कोणी हलवायचं नाही. मधुकरचे जोडीदार महादेवरावच होते. झेंडी लावून चहाला गेलो, असं त्यांनी चौकशीत लिहून दिलं. इंजिन हलवणारा संघपाल सांगत राहिला, झेंडी नव्हती. त्याची नोकरी गेली.

पुढं चाळीस वर्षं तो महाल भागात सायकली दुरुस्त करत बसला. दर राखीला फाटकाशी येऊन उभा राहायचा. “ताई, एकदा ऐकून घ्या.” यमुताई दार लावून घ्यायच्या.

गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीचा, हर्षाचा फोन आला होता.

“मावशी, बाबा दवाखान्यात आहेत. तुमचंच नाव घेऊन राहिले. एकदा येता का?”

“झेंडी दिसली होती, एवढं कबूल कर म्हणा त्याले. मग येईन.”

“ते नाही म्हणणार, मावशी. आता जाता जाता खोटं कसं बोलतील?”

आज सकाळी तिचा पुन्हा फोन आला. “बाबा गेले. अकराले नेऊन राहिलो.”

यमुताईंनी फोन ठेवला. “संघपाल गेला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “चाळीस वर्षं खोटं बोलला अन् तसाच गेला.”

महादेवरावांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांच्या चहावर साय धरली.

सातवी खिडकी कापून होईपर्यंत अकरा वाजून गेले. फक्त छप्पर बसवायचं राहिलं होतं. यमुताईंनी आगकाडीला लाल पोलक्याची चिंधी गुंडाळली, डिंक लावला आणि ती इवलीशी झेंडी नवऱ्याच्या बोटांत दिली.

“ही तुमीच लावा. त्या दिवशी होती तिथं.”

“आजच काहून वं?”

“आज तोही नाही राहिला. लावा.”

महादेवरावांची बोटं दारातून आत शिरली. बिल्ल्यांच्या पाटीवरून, खड्ड्याच्या कडेकडेनं, त्यावर उभ्या केलेल्या रोहितच्या इंजिनाच्या नाकापर्यंत आली. तिथं थांबली. यमुताई वाट पाहत होत्या.

मग ती बोटं इंजिन ओलांडून पुढं सरकली आणि मागच्या भिंतीवर, पहिल्या खुंटीला त्यांनी झेंडी चिकटवली.