दुसरा गिअर पडत नाही

खर्रर्र! दुसरा गिअर पुन्हा किंचाळला, पिकअपने गचका खाल्ला आणि गोठ्यासमोरच बंद पडली. डेल्मरने स्टीअरिंगवर मूठ आपटली.

"बास झालं! शनिवारी ही बया भंगारात जाणार," तो ओरडला. खाली उतरताना त्याचा तोल गेला, तर त्याने शिवी हासडली बर्फाला.

"माझ्या बापाची गाडी आहे ती," गोठ्याच्या दारातून लाव्हॉन म्हणाली. "ती भंगारात गेली तर मागच्या फळीवर बसून मीही जाईन."

"मग भंगारवाल्याचं भलंच झालं म्हणायचं!" तिचा नवरा म्हणाला आणि पाय आपटत घरात गेला.

बापाची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे उरली होती. रोज सकाळी गायींना गवत घालायचं ते याच गाडीतून. लाव्हॉन स्टीअरिंगवर बसायची, सगळ्यात खालच्या गिअरात गाडी मुंगीच्या चालीने कुरणभर फिरवायची आणि डेल्मर मागून गवत ढकलायचा. त्या कामात गिअर बदलावाच लागत नाही. रस्त्यावर गाडी काढायची ती डेल्मरने. त्यामुळे महिनाभर चाललेला हा तमाशा तिने फक्त कानांनी ऐकला होता.

दुपारी तिने बाह्या सरसावल्या. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळल्याशिवाय उठायचं नाही! म्हातारी गाडीखाली पाठीवर सरकली. गिअरबॉक्सचं ऑइल बोट घालून पाहिलं, काठोकाठ होतं आणि स्वच्छही. क्लचचे दांडे गदागदा हलवले. कुठे झीज नाही, ढिलेपणा नाही. मग वर बसून, इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे बिनबोभाट पडले.

म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत होता. क्लचच पुरता सुटत नसणार. तिने गावातल्या गॅरेजवाल्या कर्टला फोन लावला.

"आधी पायाखालचा गालिचा काढ, बाई," कर्ट हसत म्हणाला. "थंडी पडली की तुम्ही सगळे तिथे घरातली जुनी चिरगुटं कोंबता. मग पॅडल खाली जाणार कुठून?"

खरंच, तिथे गालिच्याचे दोन थर होते. तिने ते ओढून काढले आणि पिकअप रस्त्यावर घातली. पहिला, दुसरा, तिसरा. हूं नाही की चूं नाही! लाव्हॉनला इतका आनंद झाला की अंगणात शिरताना तिने उगाचच हॉर्न वाजवला.

"सापडला चोर!" गालिचा नाचवत ती ओरडली. "बस, बघ चालवून."

डेल्मर बसला, ती शेजारी बसली. गाडी रस्त्याला लागली आणि खर्रर्र!

"बघ! म्हटलं नव्हतं?" डेल्मरला जवळजवळ आनंदच झाला. "घे आता, नाचव गालिचा."

लाव्हॉनचा चेहरा पडला. पण हार मानेल तर ती कसली! "पुन्हा टाक," ती म्हणाली आणि त्याच्या गुडघ्याशी वाकली.

"आता तिथे काय शोधतेस? माझी अक्कल?"

"ती सापडायची नाही. तू गिअर टाक."

खर्रर्र! त्याचा डावा बूट पॅडलवर होता. पॅडलखाली अजून चार बोटं जागा मोकळी होती.

"क्लच पूर्ण दाब, डेल्मर."

"दाबलाय की! खाली टेकलाय पार. आंधळी झालीस का?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चिडलेला होता, पण खोटं बोलत नव्हता. डेल्मर दिवसभर भांडेल, खोटं कधी बोलणार नाही. तिला एकेक गोष्ट आठवत गेली. महिनाभरात अडखळला की या माणसाने जिन्याला दोष दिला होता, नव्या बुटांना दिला होता, बर्फाला तर रोजच देत होता. गाय दोनदा खोकली की जनावरांच्या डॉक्टरला फोन करणार, पण स्वतः दवाखान्याची पायरी शेवटची चढला होता तो लाव्हॉनच्या बाळंतपणात. आणि ते पोर आता स्वतः बाप झालं होतं.

"थांबव गाडी. इकडे सरक, मी चालवते."

"कशाला?"

"सरक म्हणते ना!"

तिचा असला आवाज त्याने क्वचितच ऐकला होता. तो शेजारी सरकला. लाव्हॉन फेरा घालून स्टीअरिंगवर बसली. पहिला, दुसरा, तिसरा. गिअर आवाज न करता पडत गेले. डेल्मर बघतच राहिला.

"लबाड कुठली," गाडीच्या दारावर थाप मारून तो म्हणाला. "बापाची लेक बसली की सुतासारखी सरळ!"

एरवी ती यावर चार शब्द ऐकवून मोकळी झाली असती. आज तिने रस्त्यावरून नजर हलवली नाही. भीती वाटत होती आणि ती त्याला दिसू द्यायची नव्हती. घराकडचा रस्ता मागे पडला. गाव आलं. कर्टच्या गॅरेजचं वळण आलं आणि तेही गेलं.

"अगं, कर्टचं वळण चुकलीस! गाडी दाखवायची ना त्याला?"

"कर्टकडे नाही जायचं. आपण मोठ्या दवाखान्यात चाललोय."

डेल्मर दचकून तिच्याकडे वळला. त्याचा सगळा चढा सूर उतरला. "का गं? काय होतंय तुला?"

"मला काही होत नाहीये. गाडीलाही काही झालेलं नाही." तिने चौथा गिअर टाकला. "तुझा पाय खाली जात नाहीये, डेल्मर, आणि तुला ते कळतसुद्धा नाहीये."